विकता येत नाही म्हणून फुकट?

(ग्रामसभेत आणि पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावे. ज्याला वाचता येते त्याने इतरांना समजावून सांगावे.)



भूसंपादनाच्या कचेरीत हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. "तुमच्या घराला बाजारभावच नाही." साहेब हे रागाने म्हणत नाही. समजावून सांगतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, वनपट्टा तर कोणालाच विकता येत नाही, घर कुडाचे, पाडा गावठाणात बसत नाही, पक्का रस्ता नाही, शेजारी कुठे खरेदीखत झालेले नाही. मग किंमत लावायची कशावर? आपला माणूस मान हलवतो. त्यालाही वाटते, खरंच की, आपलं काय मोठं घर आहे! मग जो आकडा समोर येईल त्यावर अंगठा.

आमचे म्हणणे सरळ आहे. हे वाक्य खोटे आहे. कायद्याने खोटे आणि हिशोबानेही खोटे. विकायला बंदी आहे याचा अर्थ किंमत नाही असा होत नाही. आईला कोणी विकत नाही, म्हणून आई फुकट असते का?

ठाणे-पालघरच्या पट्ट्यात बुलेट ट्रेन आली, मुंबई-वडोदरा महामार्ग आला, मालगाड्यांचा वेगळा रेल्वेमार्ग आला. धरणे तर आपल्या आज्यापासून चालू आहेत. प्रत्येक वेळी मोजणीवाला येतो, फॉर्म भरतो, निघून जातो. त्या फॉर्ममध्ये काय भरले ते आपल्याला निवाडा झाल्यावर कळते. म्हणून या अंकात घराची किंमत कशी काढतात आणि ती कशाने चढते-उतरते ते नीट समजून घेऊ. ज्याला मोजमाप कळते त्याला फसवणे अवघड जाते.

किंमत येते कुठून?

घराची किंमत काढायच्या मुख्य रीती तीन. पहिली, आजूबाजूला तसलेच घर-जमीन कितीला विकली ते बघायचे. दुसरी, तेच घर आज नवे बांधायला किती लागेल ते काढायचे आणि जुनेपणाबद्दल काही कापायचे. त्या कापण्याला घसारा म्हणतात. तिसरी, त्या वस्तूतून दरवर्षी किती उत्पन्न निघते ते धरून तितक्या वर्षांचा हिशोब करायचा. शहरात बँक कर्ज देते तेव्हा तिचा व्हॅल्युअर याच रीतींनी जातो. सरकारही याच रीतींनी जाते. यात जादू काही नाही.

आता लक्ष द्या. किंमत वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या? पक्का रस्ता, नळाचे पाणी, वीज, शाळा, दवाखाना, स्टेशन, आणि मालकीचा चोख कागद. यातली एक तरी गोष्ट घराच्या भिंतीत आहे का? नाही. सगळ्या घराबाहेरच्या, आणि बहुतेक सरकारने द्यायच्या.

मुंबईचा फ्लॅट बघा. चार भिंती, सिमेंटचा स्लॅब, अंगण नाही, परसू नाही, गाय बांधायला जागा नाही. किंमत कोटीत. नळाला पाणी नसेल तर त्या फ्लॅटला कोण विचारील? ते पाणी कुठून जाते? तानसा, वैतरणा, भातसा. शहापूर-मोखाड्याच्या डोंगरातून. तानसा धरण १८९२ चे. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपल्या खोऱ्यातले पाणी जाऊन तिकडच्या घरांची किंमत वाढवते, आणि त्याच शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरच्या मागे धावतात. मग तिथे मोजणीवाला येतो आणि फॉर्मवर लिहितो: पाण्याची सोय नाही, किंमत कमी.

रस्ता सरकारने दिला नाही. रस्ता नाही म्हणून किंमत कमी. वीज दिली नाही, म्हणून कमी. वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे पडून ठेवला, म्हणून कागद नाही, म्हणून किंमतच नाही. ज्याने वंचित ठेवले तोच वंचितपणाचे पैसे कापून घेतो. याला मूल्यांकन म्हणायचे की दुसऱ्यांदा लुटणे?

घर कसे मोजतात

२०१३ चा भूसंपादनाचा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्याआधी इंग्रजांचा १८९४ चा कायदा होता. त्या जुन्या कायद्यात चक्क लिहिले होते की किंमत ठरवताना मालकाची घर-जमीन सोडायची नाखुशी विचारात घ्यायची नाही. म्हणजे तुम्ही कितीही रडा, रडण्याचा हिशोब नाही. कायदा गेला, पण कचेरीतली सवय गेली असे समजू नका.

नव्या कायद्यात कलम २९ आहे. घर आणि जमिनीवरची इतर बांधकामे यांची किंमत काढायला कलेक्टर जाणकार इंजिनिअर किंवा दुसरा तज्ज्ञ घेऊ शकतो. झाडांसाठी शेती, वन, फळबाग यातला अनुभवी माणूस. बहुतेक वेळा घरासाठी बांधकाम खात्याचा इंजिनिअर येतो. त्याच्याकडे दरसूची असते. सिमेंट, वीट, सळई, पत्रा यांचे दर त्यात असतात. कारवीचा कूड, शेणमातीचे सारवण, सागाचे खांब, आढे, वासे, पेंढ्याची शाकारणी यांना दरसूचीत नीट जागा नसते. मग तो 'कच्चे बांधकाम' असे दोन शब्द लिहितो आणि चौरस मीटरला एक दर लावून मोकळा होतो.

त्यावर घसारा. घर किती वर्षांचे? आपला माणूस अभिमानाने सांगतो, "आज्याने बांधलं, साठ वर्षं झाली." झालं! साठ वर्षांचे कच्चे घर म्हणजे कागदावर जवळजवळ संपलेले घर. पण खरेच संपले का? पेंढा दरवर्षी पावसाआधी बदलतो. कूड फुटला की नवा बांधतो. बाया सणासुदीला भिंती नव्याने लिंपतात. सागाचा खांब मात्र आज्याचाच, आणि तो अजून दोन पिढ्या उभा राहील. असे घर एकदा बांधून जुने होत नाही, ते दरवर्षी थोडे थोडे नवे होते. त्यात दरवर्षी जी मजुरी जाते ती कोणी मोजत नाही, आणि साठ वर्षांचा घसारा मात्र सगळ्या घरावर लावला जातो.

म्हणून मागणी अशी की प्रत्येक भाग वेगळा मोजा. खांब किती, कोणत्या लाकडाचे, किती जाडीचे. कौले किती, कधी घातली. जोते किती उंच, दगडी की मातीचे. गोठा, माळा, ओटा, कोंबड्यांचा खुराडा, कुंपण, विहीर, बोअर. सगळ्यांची वेगळी ओळ.

एक हिशोब करून बघू. समजा तुमच्यासारखे घर आज बांधायला २,००,००० रुपये लागतात. इंजिनिअरने निम्मा घसारा कापला. राहिले १,००,०००. कायद्याने त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, म्हणजे आणखी १,००,०००. झाले २,००,०००. साहेब म्हणतो, "बघा, दुप्पट दिले!" काय दिले? जितक्यात घर पुन्हा उभे राहील तितकेच. दिलासा रक्कम कायद्याने ठेवली ती उठवल्याच्या दुःखाबद्दल. ती सगळी घसाऱ्याने खाल्ली. म्हणून घसारा किती टक्के आणि कोणत्या भागावर लावला हे विचारल्याशिवाय आकडा मान्य करायचा नाही.

मोहाचे सरपण

झाडांचे तर याहून वाईट. मोहाच्या झाडाला दोरी लावतात, बुंध्याचा घेर घेतात, जळाऊ लाकूड किती निघेल ते काढतात. आता सांगा, आपण मोह सरपणासाठी ठेवतो का? फुले वेचतो, बियांचे तेल काढतो, पाहुण्याला देतो, देवाला देतो. फळबागवाल्याच्या आंब्याची किंमत दरवर्षीच्या उत्पन्नावर काढतात. आमच्या मोहाला मात्र वखारीतला भाव.

समजा एका मोहापासून वर्षाला ४,००० रुपयांची फुले आणि बिया निघतात. दहाच वर्षे धरली तरी ४०,००० होतात, आणि मोह दहा वर्षांत मरत नाही. तेच झाड सरपण म्हणून मोजले तर दोन-तीन हजारात उरकते. झाड तेच, घेर तोच. फरक एवढाच की कोणत्या रकान्यात लिहिले. म्हणून झाडांची नोंद आधीच सात-बारावर करून घ्या, वनपट्ट्याच्या जमिनीवरची झाडे ग्रामसभेच्या वहीत लिहा, आणि मोजणीच्या वेळी तिसऱ्या रीतीने, म्हणजे उत्पन्नावर किंमत मागा.

घराखालची जमीन

घर एकवेळ मोजतात, पण ते ज्या जमिनीवर उभे आहे ती कोणाची म्हणून लिहितात? इथे खरा घाव आहे. आपले पुष्कळ पाडे गावठाणाच्या बाहेर आहेत. कोणी वरकस जमिनीवर, कोणी वनजमिनीवर. तलाठी लिहितो 'अतिक्रमण'. एका शब्दात चार पिढ्या उडवल्या.

वनहक्क कायदा २००६ काय सांगतो? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर राहण्यासाठी आणि कसण्यासाठी, दोन्हीसाठी हक्क आहे. राहण्यासाठी हा शब्द कायद्यातच आहे. तरी दावे भरताना पुष्कळांनी फक्त प्लॉट लिहिला, घर लिहिलेच नाही. ज्यांचे असे झाले असेल त्यांनी वनहक्क समितीकडे जाऊन घराची जागा नकाशात आणि दाव्यात घालून घ्यावी. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, हे त्याच कायद्याचे कलम ४(५). मोजणीवाल्याला हे कलम तोंडपाठ सांगा.

ज्याला वनहक्क मिळाला आहे तो भूसंपादनाच्या कायद्यात जमीनमालकच धरला आहे. त्याला अतिक्रमणवाला म्हणायची कोणाची हिंमत नको. आणि ज्याच्या नावावर काहीच नाही, पण तीन वर्षांपासून ज्याची रोजीरोटी जंगलावर किंवा पाण्यावर आहे, मग तो डिंक-मोह वेचणारा असो की मासेमारी करणारा, त्याचे कुटुंबसुद्धा बाधित कुटुंब आहे. सामुदायिक वनहक्क मिळाले असतील तर त्यांचीही पैशात मोजणी करून हिश्शाप्रमाणे द्यावी लागते, असे कलम ४२ म्हणते. किती गावांत हे केले, विचारा.

"३६-अ काढा, भाव येईल"

आता एक गोड बोलणारी मंडळी निघाली आहेत. काही पुढारी, काही दलाल, काही आपलेच शिकलेले. ते म्हणतात, आदिवासीच्या जमिनीला भाव नाही कारण महसूल कायद्याचे कलम ३६ आणि ३६-अ विकू देत नाही. बंदी काढा, बाजार खुला करा, आदिवासी श्रीमंत होईल.

या बाजाराला आम्ही ओळखतो. १९७४ च्या आधी बंदी इतकी कडक नव्हतीच की! तेव्हा कोणता भाव आला? खावटीच्या धान्यापायी जमिनी गेल्या, व्याजापायी गेल्या, लग्नाच्या कर्जापायी माणूस गडी म्हणून गेला. सावकाराने पहिली, दुसरी, तिसरी अशी कुठलीच रीत लावली नाही. अंगठा हीच रीत. म्हणून तर १९७४ साली बंदीचे कलम आणि गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला. तो कोणी दयेने दिला नाही.

आणि भावाचे म्हणाल तर त्याचे उत्तर भूसंपादनाच्या कायद्यातच लिहिले आहे. कलम २६(३). जिथे जमिनीच्या व्यवहारावर दुसऱ्या कायद्याने बंधन आहे, किंवा जिथे तीन वर्षांत तसले खरेदीखतच झाले नाही, किंवा जिथे सरकारी दरच ठरलेला नाही, तिथे लगतच्या भागातल्या तशाच जमिनीच्या किमतीवरून सरकारने कमीत कमी दर ठरवून दिला पाहिजे. 'पाहिजे' आहे, 'देता येईल' असे नाही. म्हणजे शेजारच्या बिगर-आदिवासी गावात जो भाव, त्यावरून आपला खालचा दर ठरणार. विक्रीची बंदीही राहील आणि किंमतही मिळेल. कायद्याने ही वाट काढून ठेवली आहे. "बाजारभावच नाही" म्हणणारा साहेब हे कलम वाचलेला नाही, किंवा वाचून गप्प आहे.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. संपादन सुरू करण्याआधी कलेक्टरने त्या भागातले दर आजच्या बाजाराप्रमाणे सुधारून घ्यायचे असतात. सुधारले का? कधी? कागद दाखवा.

दलालाचे 'चौपट'

पाड्यावर जीपमधून उतरणारा दलाल म्हणतो, "चौपट मिळणार, सही करा." कशाची चौपट? आधी पाया विचारा.

जमिनीचे बाजारमूल्य कलम २६ प्रमाणे असे काढतात: रेडीरेकनरचा दर एक, जवळच्या गावातल्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी दुसरी, आणि खासगी किंवा भागीदारीच्या प्रकल्पात संमतीने ठरलेली रक्कम तिसरी. यातली जी जास्त असेल ती घ्यायची. त्याला ग्रामीण भागात १ ते २ च्या मधला गुणक लागतो. कोणता ते राज्य सरकार ठरवते. मग त्यावर शंभर टक्के दिलासा. गुणक २ असेल तर एकूण चौपट होते, ते बरोबर.

पण समजा रेडीरेकनरचा दर गुंठ्याला १०,००० आहे आणि शेजारच्या गावातली चढी सरासरी २५,००० आहे. दहा हजाराची चौपट ४०,०००. पंचवीस हजाराची चौपट १,००,०००. दोघेही चौपटच म्हणतात! पायातला पंधरा हजारांचा फरक शेवटी गुंठ्याला साठ हजारांचा होतो. म्हणून गुणाकाराला भुलू नका, पाया तपासा. रजिस्ट्री कचेरीतून शेजारच्या गावांच्या तीन वर्षांच्या खतांची यादी काढा. स्टॅम्पचे पैसे वाचवायला लोक खतात किंमत कमी लिहितात, म्हणून जितकी जास्त खते मिळतील तितकी मिळवा. खोटी वाटणारी किंमत कलेक्टर हिशोबातून वगळू शकतो, ते लेखी मागा.

दुसरे म्हणजे, चौपट फक्त जमिनीला. घर, झाड, विहिरीला तो गुणक लागत नाही. त्यांची मूळ किंमत आणि तितकाच दिलासा, म्हणजे दुप्पट. दलाल हे सांगत नाही.

तिसरे म्हणजे, थेट खरेदी. "वर पंचवीस टक्के जास्त देतो, भानगड नको." भानगड नको म्हणजे काय, तर पुढे तुम्ही दाद मागायची नाही. संमतीच्या कागदावर सही केली की वाढीव रक्कम मागायची वाट जवळजवळ बंद होते. पाया चुकीचा असेल तर त्याच्यावरचे पंचवीस टक्केही चुकीचेच.

भरपाई वेगळी, पुनर्वसन वेगळे

घराचे पैसे दिले की काम संपले असे सांगतात. खोटे आहे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पुनर्वसनाचे हक्क वेगळे आहेत. गावातले घर गेले तर घरकुलाच्या मापाचे बांधलेले घर. वर्षभर महिन्याला ३,००० रुपये निर्वाह. सामान नेण्यासाठी ५०,०००. पुनर्स्थापनेचे एकरकमी ५०,०००. गोठ्यासाठी किमान २५,०००. अनुसूचित क्षेत्रातून उठवलेल्या आदिवासीला आणखी ५०,०००. ज्याच्या नावावर घरजागा नाही, पण जो नोटिफिकेशनच्या आधी सलग तीन वर्षे तिथे राहतो, त्यालाही घराचा हक्क आहे.

आकडे २०१३ साली लिहिलेले, आजच्या महागाईत तोकडे आहेत, आणि घरकुलाच्या २५ चौरस मीटरमध्ये माणसे राहतील की भात साठवतील हा प्रश्न आहेच. पण जे लिहिले आहे तेसुद्धा न मागता मिळत नाही. आणि कुटुंब कोणते? विधवा, घटस्फोटित, टाकलेली बाई ही वेगळी कुटुंबे. प्रत्येक सज्ञान माणूस, बाई असो की पुरुष, वेगळे कुटुंब. एका छपराखाली तीन चुली असतील तर तीन कुटुंबे लिहून घ्या.

हायवे आणि रेल्वेचे कायदे वेगळे आहेत. त्यांची कार्यपद्धती आणि दाद मागायची जागा वेगळी, हायवेला तर लवादाकडे जावे लागते. पण भरपाईची गणती तिथेही २०१३ च्या कायद्याप्रमाणेच करावी लागते.

"किंमत बोलणे म्हणजे विकणे"

आता आपल्याच काही साथींचा आक्षेप. ते म्हणतात, आपण 'जमीन देणार नाही' म्हणतो आणि दुसऱ्या तोंडाने किमतीचे बोलतो, हे बरोबर नाही. लोक पैशाला लागतील.

आक्षेप मनापासून आहे, म्हणून उत्तरही मनापासून देतो. अनुसूचित क्षेत्रात शक्यतो संपादन करायचेच नाही, केलेच तर दुसरा काहीच उपाय नसेल तेव्हा, आणि तेही ग्रामसभेच्या आधीच्या संमतीने. हे कलम ४१. म्हणून पहिला प्रश्न 'किती' हा नाहीच. पहिला प्रश्न 'कशाला', दुसरा 'दुसरीकडे का नाही', तिसरा 'ग्रामसभेला विचारले का'. या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय किमतीचा कागद ग्रामसभेसमोर यायलाच नको.

पण डोळे उघडून बघा, लोक कुठे मोडतात? संमतीच्या ठरावावर कमी मोडतात. एकेकटे, घरी, रात्री, दलालासमोर मोडतात, कारण आपल्या घराची किंमत काय हे त्यांना माहीत नसते आणि दाखवलेला आकडा मोठा वाटतो. ज्याला माहीत आहे की हा आकडा हक्काच्या निम्मासुद्धा नाही, तो सहज अंगठा देत नाही. घर स्वस्त आहे असे कंपनीला वाटते म्हणूनच प्रकल्पाची रेघ पाड्यावरून जाते आणि बंगल्यांना वळसा घालते. पाड्याची खरी किंमत कागदावर आली तर ती रेघसुद्धा हलू शकते. म्हणून हिशोब शिकणे म्हणजे विकायला बसणे नव्हे. तो नकाराचा आधार आहे.

आणि हेही सांगून ठेवतो की सगळ्याची किंमत होत नाही. गावदेव, हिरवा देव, पूर्वजांचे दगड, नाचायची जागा, शेजार, चार हाकांच्या अंतरावरची माहेरची माणसे यांना रकाना नाही. कलम २८ च्या शेवटी न्याय आणि बाधित कुटुंबाचे हित यासाठी इतर कोणतेही कारण धरता येते असे आहे. तिथे हे लिहून द्यावे. पण ज्याची किंमत होत नाही त्याच्यासाठी ग्रामसभेचा नकारच उपयोगी पडतो, हे विसरू नये.

काय करायचे

१. ग्रामसभेने आपली वही करावी. प्रत्येक घराचे माप, खांब, छप्पर, गोठा, विहीर, झाडे, चुली किती, बाईचे नाव. ठराव करून वहीवर सही-शिक्का घ्यावा. फोटो काढावेत. ही वही मोजणीच्या आधी तयार पाहिजे, नंतर नको. सुरुवातीची अधिसूचना ज्या दिवशी निघते त्या दिवसाची किंमत धरतात.

२. ग्रामपंचायतीत नमुना ८ ला घराची नोंद आहे का बघा. नसेल तर अर्ज द्या, पोच घ्या. घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा.

३. संयुक्त मोजणी आणि पंचनामा घरमालक हजर असल्याशिवाय होऊ देऊ नये. बाईसमोर मोजावे, कारण घरात काय आहे हे तिला जास्त ठाऊक असते. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही-अंगठा नाही. चूक असेल तर पंचनाम्यावरच 'अमुक झाड, अमुक गोठा धरला नाही' असे लिहून मग सही करा. नक्कल मागा.

४. कलम ११ ची अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत हरकत लेखी द्या. कलम २१ ची नोटीस आली की आपला दावा आकड्यासह लेखी द्या. तोंडी बोललेले कचेरीत टिकत नाही.

५. पैसे घ्यावेच लागले तर 'हरकत राखून घेतले' असे पावतीवर लिहा. कचेरीच्या भाषेत अंडर प्रोटेस्ट. हे न लिहिता पैसे घेतले तर कलम ६४ खाली वाढीव मागायचा हक्कच जातो.

६. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर तिथून सहा आठवड्यांत कलम ६४ चा अर्ज द्या. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातले जे आधी संपेल ते. भाताच्या कापणीत ही मुदत निघून जाते. म्हणून पाड्यावर एकाने तारखांची जबाबदारी घ्यावी.

७. एकट्याने कोणीही कचेरीत जाऊ नये. एकट्याला "तुमच्या घराला बाजारभावच नाही" सांगणे सोपे असते. पन्नास जण वही घेऊन गेले आणि कलम २६(३) विचारले की तेच वाक्य तोंडातून निघत नाही.

सरकारच्या दरसूचीत आपले घर बसत नसेल तर दरसूची बदला. घर आहे तिथेच आहे.

ग्रामसभा हीच सरकार!
जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!